उत्सवाची आरास आणि स्वमग्न मूल



या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत. आमचे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेत संपले. पुढचे जे काही शिकलो ते यंत्रमागाच्या शेडमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे विषय विचारावयास आले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही आजचा विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हा तर डॉक्टरांचा विषय झाला." आम्ही त्यांना म्हटले, "रोगाचा भाग असता तर डॉक्टरांचा झाला असता. हा शेजारधर्माचा भाग आहे. आणि त्यात एकदा आमच्याच हातून चूक झालेली आहे. ती चार लोकांत सांगितलेली बरी." म्हणून आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत. विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये.

प्रथम ती हकीकत सांगतो. २०१४ सालची गोष्ट. आमच्या कामगार वस्तीतील गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्षपद त्या वर्षी आमच्याकडे होते. वर्गणी चांगली जमली होती, तरुण मंडळी उत्साहात होती. तेव्हा आम्ही आजवर वस्तीने पाहिली नव्हती अशी आरास उभी केली. थर्मोकोलचे मखर, त्याच्या खांबांना चमकत्या कागदाच्या झालरी, वर उघडमीट करणाऱ्या दिव्यांच्या शेकडो माळा, फिरते चक्र, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे कर्णे. लोक लांबून पाहावयास येत. आमची छाती फुगली होती.

मंडपाला लागून असलेल्या खोल्यांत आमच्याच युनियनचा एक सभासद राहत असे. त्याचा मुलगा सात वर्षांचा. तो फारसा बोलत नसे, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, दोऱ्याची रिकामी कांडी तासन्‌ तास बोटांत फिरवीत बसे. वस्तीत कोणी त्याला मुका म्हणत, कोणी वेडा म्हणत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई मंडपात आली. म्हणाली, "भावजी, पोर दोन दिवस जेवलं नाही. भिंतीवर डोकं आपटून घेतंय. आवाज थोडा कमी करा, आणि आमच्या खिडकीसमोरची ती लुकलुकती माळ काढा."

आम्ही तिला काय सांगितले ते आजही आठवते. आम्ही म्हणालो, "वहिनी, दहाच दिवसांचा प्रश्न आहे. दार लावून घ्या. पोराच्या कानात कापसाचे बोळे घाला." ती एवढेच म्हणाली, "दार लावलं तरी भिंत थरथरते, भावजी." आणि निघून गेली.

सातव्या रात्री आरतीच्या गर्दीत मुलगा घरातून नाहीसा झाला. विहीर, ओढा, एस.टी. स्टँड, सगळीकडे माणसे धावली. आम्ही स्वतः ओढ्याच्या काठाने बॅटरी घेऊन फिरलो. पाण्याकडे उजेड टाकताना प्रत्येक वेळी पोटात कालवाकालव होत होती. दोन तासांनी एका बंद कारखान्याच्या रखवालदाराला तो सापडला. सुताच्या गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांमधल्या अरुंद फटीत, तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शांत होता. कांडी फिरवीत होता. ज्यांनी सुताचे गोदाम पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तिथे आवाज मरतो. चारी बाजूंनी सूत तो पिऊन टाकते. उजेड अंधूक असतो. कुठलीही वस्तू हलत नाही. या गावात त्याला हवी तशी एकच जागा होती, आणि ती त्याची त्याने शोधून काढली होती.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण दुसरेच एक वाक्य आठवत होते. आम्ही पंधराव्या वर्षी मागावर उभे राहिलो. चार-पाच वर्षांत जुने कामगार ठार बहिरे झालेले पाहिले. तेव्हा आम्ही चौघे मालकाकडे गेलो आणि आवाजाविषयी तक्रार केली. मालकाने काय उत्तर दिले असेल? "कानात कापसाचे बोळे घाला." त्याच उत्तराने चिडून आम्ही युनियनमध्ये आलो. आणि तीस वर्षांनी, अंगावर अध्यक्षाचा बिल्ला लावून, तेच उत्तर आम्ही एका कामगाराच्या बायकोला दिले होते. सत्ता हातात आली की माणसाला मालकाची भाषा किती लवकर येते, याचा हा नमुना आहे.

मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वाचले, विचारले, जाणत्या शिक्षकांना भेटलो. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

या मुलांच्या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरबाईंनी १९२५ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला लेख प्रसिद्ध केला आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी. हा संसर्गाचा रोग नव्हे, वेड नव्हे, मागल्या जन्मीचे पाप नव्हे. मेंदूची घडण जन्मापासूनच थोडी निराळी असते, इतकाच त्याचा अर्थ. एके काळी पाश्चात्य पंडितही मुलाच्या या स्थितीचा दोष आईच्या माथी मारीत. आईची माया थंड, म्हणून मूल असे झाले, असे म्हणत. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून त्या मताला जोराचा धक्का दिला. तो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता. आपल्याकडे घरोघरी आजही सून दोषी ठरते. तेव्हा ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

आपल्या देशाच्या कायद्यानेही या मुलांची दखल घेतली आहे. १९९५ सालच्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. म्हणजे आम्ही जे मागणार आहोत ती भीक नव्हे.

आता आरासीशी याचा संबंध काय? या मुलांपैकी पुष्कळांची ज्ञानेंद्रिये आपल्याहून वेगळ्या मापाने काम करतात. वैद्यकशास्त्रानेही २०१३ सालापासून ही गोष्ट निदानाच्या लक्षणांत धरली आहे. कोणाला आवाज सहन होत नाही, कोणाला उजेड, कोणाला वास, कोणाला विशिष्ट कापडाचा स्पर्श. उलट काही मुलांना संवेदना कमी पोचते. ती आपण होऊन गरगर फिरतात, फिरत्या चाकाकडे टक लावून बसतात, वस्तू तोंडात घालून चावतात. एकाच मुलात दोन्ही गोष्टी असू शकतात. आमच्या वस्तीतला मुलगा कर्ण्याने वेडापिसा होई, पण फिरते चक्र दिसले की हरखून जाई. म्हणून सर्वांना एकच माप लावता येत नाही. पहिला नियम हाच, की त्या मुलाच्या आईबापांना विचारा, आणि मुलाला सांगता येत असेल तर त्यालाच विचारा.

"सवय झाली की होईल सहन," असे लोक म्हणतात. आम्ही मागाच्या शेडमध्ये आयुष्य काढले आहे, त्यामुळे या सवयीचा अर्थ आम्हांला चांगला ठाऊक आहे. मागाच्या आवाजाची सवय झाली असे ज्याला वाटते, त्याचे कान गेलेले असतात. आवाज डेसिबलने मोजतात. या मोजणीत दहाची वाढ म्हणजे दहापट शक्ती. ऐंशीचे नव्वद झाले म्हणजे थोडे वाढले असे नव्हे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाज १०० झाला तर तिथे दोनच तास थांबता येते. धडधाकट कामगाराला ही मर्यादा, आणि सात वर्षांच्या पोराला उत्सवात मर्यादाच नाही?

मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे प्रमाण आहे. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवावयाचे. सरकारने ठरवलेल्या थोड्या दिवशी, वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत मुभा देता येते. शाळा, इस्पितळे आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचा पट्टा शांततेचा म्हणून सरकारला जाहीर करता येतो. हे नियम आमच्या कपाटात होते. आम्ही ते मालकांच्या विरुद्ध वापरीत होतो. स्वतःच्या मंडपाला लावून पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी मंडळाची सभा भरली तेव्हा आम्ही एक मागणीपत्र मांडले. आयुष्यभर मागणीपत्रे लिहिली. हे एक त्या मुलाच्या वतीने लिहिले. त्याची आई आणि एक विशेष शिक्षिका यांनी ते दुरुस्त करून दिले. त्यातली कलमे सांगतो. ती मंडळाला लागू आहेत तशीच गणपतीच्या, दिवाळीच्या आणि नाताळच्या घरच्या आरासीलाही लागू आहेत.

पहिले कलम दिव्यांचे. माळा लावाव्यात, पण त्या स्थिर ठेवाव्यात. उघडमीट बंद. स्वमग्न मुलांत अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळते, आणि सेकंदाला साधारण तीन ते तीस वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाने काहींना फिट येऊ शकते. १९९७ सालच्या डिसेंबरात जपानमध्ये दूरदर्शनवरच्या एका चित्रमालिकेत लाल-निळा उजेड झपाट्याने लुकलुकला, आणि जवळजवळ सातशे मुलांना इस्पितळात न्यावे लागले. आपल्या विजेच्या प्रवाहाची आवर्तने सेकंदाला पन्नास. त्यामुळे हलक्या प्रतीची एल.ई.डी. माळ सेकंदाला शंभर वेळा थरथरते. आपल्याला ते दिसत नाही, काही मुलांना मात्र त्याचा त्रास होतो. म्हणून पिवळसर, मंद, स्थिर उजेड आणि शक्यतो कागदी आकाशकंदिलाच्या आडून आलेला. चमकत्या कागदाच्या झालरी प्रत्येक दिव्याचे शंभर दिवे करतात. त्यांच्याऐवजी कापडी तोरणे लावावीत. आमच्या गावाला कापड काही परके नाही. शिवाय कापड आवाज शोषते. मात्र समई, निरांजनापासून ते हातभर दूर बांधावे.

दुसरे कलम विजेचे. माळेचे उघडे जोड, चिकटपट्टीने गुंडाळलेल्या तारा आणि जमिनीवरून गेलेली वायर मुलांच्या हाताला लागू नये. जे मूल वस्तू चावून पाहते त्याच्या दृष्टीने वायर हाही एक खाऊच असतो. शक्य तिथे कमी दाबाच्या, अडॅप्टरवर चालणाऱ्या माळा घ्याव्यात, आणि मंडपाच्या फळीवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा. कारखान्यात आम्ही तो भांडून बसवून घेतो. मंडपात भांडावयाचे ते स्वतःशीच.

तिसरे कलम तोंडात जाणाऱ्या वस्तूंचे. इथे मातांनी विशेष लक्ष द्यावे. बाजारात विजेच्या पणत्या मिळतात. त्यांपैकी पुष्कळांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननळीत अडकला, तर ओलाव्यामुळे तिथे वीज वाहू लागते आणि दोन तासांच्या आत नळी जळू शकते. असा संशय आला तर मुलाला ओकावयास लावू नये, तडक इस्पितळ गाठावे. ज्या पणतीचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ती घरात आणू नये. दुसरी वस्तू कापूर. कापराची वडी बत्ताशासारखी दिसते, आणि लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी त्याला झटके येऊ शकतात. पूजेच्या तबकात प्रसाद आणि कापूर शेजारी शेजारी ठेवण्याची आपली रीत आहे, ती मोडावी. तिसरी वस्तू पत्री. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, कण्हेर आणि रुई आहेत. तिन्ही विषारी. देवाला अवश्य वाहाव्यात. पण उंचावर ठेवाव्यात आणि निर्माल्य मुलाच्या हाती लागेल असे कोपऱ्यात टाकू नये.

थर्मोकोल आता कायद्यानेच गेला. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. बंदी पर्यावरणासाठी आली. पण थर्मोकोलचे दाणे मुलांच्या नाकातोंडात जातात आणि तो पेटला की काळा धूर होतो, हेही तिच्या बाजूचे पुरावे आहेत. जुन्या रंगवलेल्या वस्तू माळ्यावरून काढताना रंगाचे पोपडे पाहावेत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही, आणि शिसे मुलाच्या मेंदूला घातक आहे. रांगोळीसुद्धा दगडाच्या भुकटीऐवजी तांदळाच्या पिठाची काढावी. आपल्या आज्या तशीच काढीत.

चौथे कलम वास आणि स्पर्शाचे. ऊद, धूप, अत्तर, ताजा ऑइलपेंट, हे सगळे एकदम नको. रंगकाम आठवडाभर आधी उरकावे. मुलाला जरीचा झब्बा टोचत असेल तर जुनाच सुती सदरा घालून त्याला आरतीला येऊ द्यावे. कोणी त्याचे गाल ओढू नयेत, जबरदस्तीने कपाळी गुलाल लावू नये, "नमस्कार कर, नमस्कार कर" म्हणून मान दाबू नये. फुगे शक्यतो टाळावेत. फुगा फुटण्याचा आवाज जितका वाईट तितकीच तो केव्हा फुटेल याची धास्ती वाईट. टांगलेल्या दोऱ्या मुलाच्या हातापेक्षा उंच असाव्यात आणि लोंबते फास ठेवू नयेत. मखर भिंतीला किंवा खांबाला पक्के बांधावे, कारण काही मुले चढतात.

पाचवे कलम आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते पूर्वसूचनेचे. संपाची नोटीस आधी द्यावी लागते, पाळी बदलावयाची तरी मालकाला फळ्यावर लिहावे लागते. मग मुलाचे सगळे घर एका रात्रीत बदलून टाकताना त्याला नोटीस का नको? ज्या मुलाला जगाचा अर्थ नेहमीच्या क्रमावरून लागतो, त्याला सकाळी उठल्यावर ओळखीची भिंत दिसली नाही तर पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. आरास टप्प्याटप्प्याने करावी. आज तोरण, उद्या कंदील, परवा मखर. गेल्या वर्षीचे फोटो आठवडाभर आधीपासून दाखवावेत. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने साध्या चित्रांच्या आणि वाक्यांच्या लहान गोष्टी करून मुलांना येणाऱ्या प्रसंगाची ओळख करून देण्याची रीत १९९०च्या सुमारास प्रचारात आणली. घरच्या घरी वहीत ती करता येते: "गणपती येणार. दिवे लागणार. लोक गातील. मला नको वाटले तर मी आजीच्या खोलीत जाईन. दहा दिवसांनी सगळे पूर्वीसारखे होईल." शेवटचे वाक्य विसरू नये. आणि घरातली एक खोली, निदान एक कोपरा, अजिबात सजवू नये. तो त्याचा राहू द्यावा.

सहावे कलम निसटून जाण्याचे. त्रास असह्य झाला की ही मुले पळतात, आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. विसर्जनाचा हौद, पिंप, बादली उघडी ठेवू नये. मंडपाच्या प्रत्येक वाटेवर एक कार्यकर्ता असा असावा की ज्याला ते मूल ओळखता येते आणि हाका मारीत त्याच्या मागे धावावयाचे नाही हेही कळते. मुलाच्या सदऱ्याच्या आत फोन नंबराची चिठ्ठी शिवावी. मूल हरवले तर प्रथम पाणी पाहावे, मग शांत अंधारी जागा. हे आम्ही ओढ्याच्या काठावर शिकलो.

सभेत या मागणीपत्राला विरोध झाला. तो व्हावयाचाच. एक तरुण उठून म्हणाला, "काका, एका पोरासाठी तीनशे घरांनी सण सोडायचा का?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यावे लागले. आम्ही त्याला विचारले, "तुझ्या मागाच्या पट्ट्यावर जाळी आहे ती कोणासाठी बसवली?" तो म्हणाला, "सगळ्यांसाठी." आम्ही म्हटले, "नाही. ती बसवली एका माणसाची बोटे गेली तेव्हा. बाकीच्या साठ जणांची बोटे शाबूत होती. तेव्हा मतदान घेतले असते तर जाळी बसली नसती." सुरक्षिततेचे प्रश्न बहुमताने सुटत नाहीत, बंधूंनो. आणि जाळी बसली की ती साठही जणांना राखते. कर्णा खाली आला की तान्हे मूल झोपते, हृदयविकाराचा म्हातारा झोपतो, परीक्षेचा विद्यार्थी वाचतो, पाळीवरून आलेला कामगार पडतो. ही माणसे आजवर बोलली नव्हती. त्या आईने त्यांच्याही वतीने दार ठोठावले होते.

दुसरा आक्षेप असा आला, की मुलाला कानावर लावावयाचे ते यंत्र घेऊन द्या म्हणजे झाले. कान झाकणारी साधने चांगली आहेत. मंडळाने त्यांचे चार जोड घेतलेही. पण कारखान्याच्या सुरक्षेचे एक सूत्र आहे: धोका प्रथम मुळाशी कमी करा, नाही जमले तर मध्ये आडोसा घाला, आणि सगळ्यांत शेवटी माणसाच्या अंगावर साधन चढवा. शेवटची पायरी पहिली केली की सगळा भार ज्याला इजा होते त्याच्यावरच पडतो. बोळ्यांचे राजकारण ते हेच.

हे सगळे गोड शेवटाकडे गेले असे आम्ही सांगणार नाही. पहिल्या वर्षी वर्गणी घटली. दहा-बारा तरुण शेजारच्या मंडळात गेले, कारण तिथे आवाज होता. कर्णे लहान केले, तरी मिरवणुकीच्या दिवशी कोणीतरी आवाज वाढवलाच. रोज सकाळी नऊ ते दहा आम्ही "शांत तास" ठेवला. इंग्लंडातील काही मोठ्या दुकानांनीही पुढे २०१६-१७ पासून अशा मुलांसाठी तसा तास ठेवला, हे आम्ही नंतर वाचले. त्या तासात कर्णा बंद, चक्र बंद, दिवे अर्धे, आणि गर्दी नाही. पहिले पाच दिवस तो मुलगा आला नाही. तास रिकामा जाई, आणि आम्ही एकटे खुर्ची टाकून बसत असू. तरुण हसत.

सहाव्या दिवशी आई त्याला घेऊन आली. तो मंडपाच्या दाराशी बराच वेळ उभा राहिला. मग आत आला. देवाकडे त्याने पाहिलेच नाही. थेट बंद चक्रापाशी गेला आणि बोटाने ते हळूहळू फिरवू लागला. चाळीस मिनिटे फिरवीत होता. एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले, "हात तरी जोडायला सांगा." त्याची आई म्हणाली, "आबा, तो आलाय. आज एवढंच पुरे." आबा गप्प बसले. थोड्या वेळाने ते उठले आणि मंडपाच्या फळीवरून चक्राची वायर स्वतःच्या हाताने काढून ठेवली, कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून.

आज तो मुलगा उंच झाला आहे. अजूनही तो मोजकेच शब्द बोलतो. त्याला कुठले दैवी कसब प्राप्त झालेले नाही. लोक आम्हांला तसे विचारतात म्हणून सांगितले. माणसाला शेजारी मानण्यासाठी त्याच्यापाशी कसब असावे लागत नाही. शांत तास मात्र आता आमच्या मंडळाच्या पत्रकावर छापला जातो, आणि दुसऱ्या वस्त्यांतूनही तीन-चार आया आपली मुले घेऊन त्या वेळी येतात. इतकी वर्षे ती मुले कुठे होती? दार लावून घरात होती. आम्हीच तसे सांगितले होते.

बंधुभगिनींनो, लोकमान्यांनी १८९३ साली या उत्सवाच्या सार्वजनिकपणाला बळ दिले. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ रस्त्यावरचा असा नव्हे, सर्व जनांचा असा आहे. त्या सर्वांत दार लावून बसलेला एक जरी उरला, तरी तितक्यापुरता शब्द खोटा पडतो.

सध्या चैत्र-वैशाखाचे ऊन आहे. भाद्रपद लांब वाटतो. पण मंडळांच्या सभा आषाढातच सुरू होतात, आणि कर्ण्यांचे पैसे तेव्हाच आगाऊ दिले जातात. तेव्हा आपणांकडे आमची मागणी लहानशी आहे. आपल्या गल्लीत असे मूल कोणत्या घरी आहे ते त्या सभेआधी शोधून काढा. त्याच्या आईला सभेला बोलवा, तिला खुर्ची द्या, आणि माळ कुठे लावावयाची हे तिला पहिल्यांदा विचारा. ती विनवणी करावयास येईल याची वाट पाहू नका. आमच्याकडे ती आली होती, आणि आम्ही तिला परत पाठवली होती.